शंभर मणांचा हत्ती आणि येसूचा बोकड

रुद्रसेन राजाने हुकूम सोडला: कुंभारवाड्यालगतचे तळे आजपासून हत्तीचे! त्याचा लाडका हत्ती पर्वत तिथे डुंबणार होता.

कुंभार हबकले. तळ्यातली माती गेली तर चाकावर घालायचे काय? सगळे विनवायला गेले, तेव्हा राजा मिशीत हसला. म्हणाला, पर्वत शंभर मणांचा आहे. ओल्या मातीत त्याच्याहून खोल रुतणारे जनावर आणा, तळे तुमचे.

म्हातारे माना खाली घालून परतले. राणोजी कुंभाराची लेक येसू मात्र विचारात पडली. मळलेली माती ती रोज अंगठ्याने दाबून बघे. अंगठा आत जाई. तेवढ्याच जोराने तळवा टेकला तर नुसता ठसा उमटे.

दुसऱ्या दिवशी ती घरचा बोकड घेऊन आली. लोक हसून लोटपोट झाले.

"हत्तीला सोबत आणलीस वाटतं?" राजाने विचारले.

"हो महाराज. दोघंही पालाच खातात, जमेल त्यांचं."

सपाट केलेल्या मातीवर दोघांना उभे केले, मग बाजूला घेतले. ठशांत काडी घालून पाहिली, तर बोकडाचे खूर जास्त खोल!

"मातीत खोट आहे," राजा गुरगुरला.

"मातीत नाही, पायांत आहे." येसूने ठशांमध्ये अंगठा टेकवत मोजून दाखवले. "बोकड चाळीस शेरांचा. एका खुराखाली दोन अंगठे मावतात, चार खुरांखाली आठ. म्हणजे अंगठ्याएवढ्या जागेवर पाच शेर भार. आपला पर्वत शंभर मणांचा, म्हणजे चार हजार शेरांचा, पण त्याच्या एकेका पावलाखाली अडीचशे अंगठे, चारींखाली हजार. अंगठ्यामागे आले चारच शेर. वजन त्याचं मोठं, दाब माझ्या बोकडाचा."

राजाने बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. मग त्याचे डोळे चमकले. "आणि पर्वत एकाच पायावर उभा राहिला तर?"

"मग अंगठ्यामागे सोळा शेर. बोकड हरला, तळं तुमचं," येसू म्हणाली. "करा उभा."

राजाने माहुताकडे पाहिले. माहुताने हात जोडले. पर्वत चारही पाय रोवून शांतपणे कान हलवत होता.

राजा एवढा हसला की फेटा सुटला. तळे कुंभारांकडेच राहिले. वर आणखी हुकूम निघाला: दर हंगामात तळ्यातली माती कुंभारवाड्यात वाहून नेईल पर्वत, आणि पुढे दोरी धरून चालेल येसू!