न पेटलेले छप्पर

डोंगरउतारावरच्या एका लहानशा गावात एकदा फाल्गुनातल्या दुपारी आग लागली. त्या गावात एक वृद्ध आचार्य पाठशाळा चालवीत. श्रीरंग हा त्यांचा शिष्य अंगाने धट्टाकट्टा आणि स्वभावाने उतावळा. आरडाओरडा कानी पडताच तो दोन घागरी उचलून धावत सुटला. आचार्य काठी टेकीत मागोमाग निघाले.

हैबती नावाच्या गृहस्थाचे घर पेटले होते. माणसे आणि गुरे सुखरूप बाहेर आली होती. पण गवताने शाकारलेले छप्पर धडाडून जळत होते. त्याला लागूनच गोदाक्का नावाच्या एकट्या बाईचे घर आणि त्यापुढे एकाला एक खेटून सगळी गवती घरे. वारा नेमका त्याच दिशेला वाहत होता. विहिरीपासून माणसांची रांग लागली होती, आणि येईल ती घागर हैबतीच्या छपरावर रिकामी होत होती. ज्वाळा क्षणभर फुसफुसत, पुन्हा उसळत.

आचार्यांनी सर्वांना थांबवले. "इथं एक थेंबही टाकू नका. गोदाक्काचं छप्पर उतरवा, आणि त्यापुढच्या घरांवर पाणी मारा."

हैबतीने कपाळावर हात मारून घेतला. "गुरुजी, जळतंय माझं घर, आणि पाणी धडधाकट घरांना?"

"हैबती, तुझं घर आता वाचत नाही," आचार्य त्याच्या डोळ्यांत पाहत म्हणाले. "वाचण्यासारखं असतं तर मीच घागर घेऊन उभा राहिलो असतो."

गोदाक्का दार अडवून उभी राहिली. "माझ्या घराला ठिणगीसुद्धा लागलेली नाही. चांगलं छप्पर का मोडता?"

आचार्यांनी वाद घातला नाही. तिला वळचणीखाली नेऊन ते म्हणाले, "हात लावून बघ."

तिने गवताला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. ज्वाळेचा मागमूस नव्हता. पण काड्या तांबूस पडल्या होत्या आणि त्यांतून बारीक धूर निघत होता. गोदाक्काने एकवार पुढच्या घरांकडे पाहिले. मग पदर खोचला. "श्रीरंगा, शिडी आण. माझं छप्पर मीच उतरवते."

दोघे वर चढले. गवताच्या पेंढ्या ओढून काढायच्या, खाली फेकायच्या. खालचे लोक त्या भिजवून दूर नेत. हातांना फोड आले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण कोणी खाली उतरले नाही. शेवटची पेंढी काढून दोघे शिडीवरून उतरले तोच हैबतीचे छप्पर कोसळले. ज्वाळांचा लोळ गोदाक्काच्या उघड्या भिंतींवरून पलीकडे झुकला. पुढच्या ओल्या छपरांतून वाफा निघाल्या. छपरे मात्र पेटली नाहीत.

आग विझत आली तेव्हा श्रीरंगाने विचारले, "गुरुजी, मला वाटायचं, आग चालत पुढे जाते. मग ती समोर असताना आपण तिच्याकडे पाठ का फिरवली?"

आचार्य म्हणाले, "आग चालत नाही, बाळा. ती शेजारच्याला तापवते. प्रत्येक वस्तूची तापण्याची एक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या अलीकडे गवत नुसतं सोसतं. बघणाऱ्याला वाटतं, काही झालेलं नाही. मर्यादा ओलांडली की ते स्वतःच पेटतं आणि पुढच्याला तापवू लागतं. ओल्या गवतात आधी पाणी आटावं लागतं, म्हणून तिथं आपल्याला वेळ मिळतो. पेटलेल्यावर ओतलेलं पाणी आज पुरणार नव्हतं. जे अजून पेटलं नव्हतं, तिथं ते पुरलं."

बोलणे संपते न संपते तोच हैबतीचा आवाज चढला. "हिच्याच चुलीतली ठिणगी! हिनंच माझं घर जाळलं!" तो गोदाक्काकडे बोट दाखवीत होता. ठिणगी कुठली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. गोदाक्का आपल्या उघड्या घरासमोर उभी होती.

श्रीरंग रागाने हैबतीच्या दिशेने निघाला. चार पावले गेल्यावर त्याची नजर हैबतीच्या मागे उभ्या असलेल्या भाऊबंदांकडे गेली. ते बोलत नव्हते. पण त्यांच्या मुठी वळल्या होत्या.

श्रीरंग हैबतीला वळसा घालून त्यांच्याकडे गेला. एकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ठिणगीचं काय ते पंच उद्या बघतील. हैबतींची गुरं उन्हात बांधलीत, त्यांना पाणी नाही. घरातला दाण्याचा कणगा राखेखाली धुमसतोय. चला, जेवढे दाणे निघतील तेवढे काढू."

ते घुटमळले. मग एक जण फावडे आणायला गेला, दुसरा गुरांकडे. थोड्या वेळाने हैबतीच्या मागे कोणीच उरले नाही.

आचार्य हैबतीजवळ जाऊन बसले. त्याला त्यांनी गप्प केले नाही. तो बराच वेळ बोलत राहिला, शिव्या देत राहिला. मग त्याचा आवाज बसला आणि तो गुडघ्यांत डोके घालून रडू लागला. गोदाक्का दूरवरून पाहत होती. ती सावकाश त्याच्याकडे आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.