वैद्यबुवांना लागलेला दम

हिरड्याच्या रानाने वेढलेल्या एका डोंगराच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या औषधांइतकीच त्यांच्या आश्रमाची एक वाट प्रसिद्ध होती. पुढच्या अंगणातून ती निघे, रानातून तळ्यापर्यंत जाई, तिथून चढत माथा गाठी आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाने उतरून आश्रमाच्या मागच्या दाराशी येई. लोक तिला ‘फेरी’ म्हणत. वाट फार अवघड नव्हती. धडधाकट माणूस सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येई. परंतु दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला वैद्यबुवा घरी जाण्याची अनुज्ञा देत, ती ही फेरी पुरी झाल्यावरच.

त्यांच्यापाशी वत्सला नावाची शिष्या सहा वर्षे विद्या शिकत होती. नाडी तिला अचूक कळे, औषधाची मात्रा कधी चुकत नसे. एकच गोष्ट उरली होती. एखाद्या रोग्याला स्वतः नेऊन फेरी पुरी करून आणायची. ते जमले की तिने आपल्या गावी जाऊन स्वतंत्रपणे रोगी पाहावेत, असे ठरले होते. तिच्या गावापासून दहा कोसांत दुसरा वैद्य नव्हता. पण त्या वर्षी तिने तीन रोगी नेले आणि तिघेही तळ्यावरून माघारी फिरले.

चौथे आले ते पद्माकरशेट, कापडाचे व्यापारी. विषमज्वर उतरून त्यांना आठ महिने झाले होते, तरी अंथरूण सुटले नव्हते. चार माणसांनी त्यांना डोलीतून आणले. दीड महिन्याच्या उपचारांनी अंग भरले, अन्न पचू लागले, अंगणात येरझाऱ्याही सुरू झाल्या.

“उद्या फेरी,” वैद्यबुवा म्हणाले. “वत्सला नेईल. मीही येतो.”

या खेपेला माघारी यायचे नाही, हे वत्सलेने मनाशी पक्के केले. सकाळी निघतानाच तिने शेटजींचा दंड धरला आणि तो सोडला नाही. “सावकाश. पुढे मूळ आलंय. दम लागला का? टेकायचं का जरा?” दर वीस-पंचवीस पावलांवर ती नाडी पाही. शेटजी मुकाट्याने चालत होते. वैद्यबुवा मागून येत होते.

तळे आले. पाणी निवांत होते आणि समोरचा माथा त्यात पूर्ण उतरला होता. शेटजींनी आधी पाण्यातला माथा पाहिला, मग वरचा, आणि ते मटकन खाली बसले.

“बाई, छाती धडधडते आहे. हे माझ्याने व्हायचं नाही. डोली बोलवा.”

“शेटजी, तुमची नाडी उत्तम आहे. मी आताच पाहिली.”

“नाडी तुमच्या बोटांना कळते. छाती माझी मला कळते.”

वत्सलेने समजावले, आर्जवे केली, थोडा रागही दाखवला. शेटजी जागचे हलेनात. चौथ्यांदा तेच घडत होते.

तेवढ्यात तिला मागे मोठ्याने श्वास ऐकू आला. वैद्यबुवा एका खडकावर बसले होते. सहा वर्षांत या वाटेवर त्यांना बसलेले तिने पाहिले नव्हते. ती धावली.

“तू नको,” ते म्हणाले. “तू पुढे चाल. मागे वळून पाहू नकोस.” मग शेटजींकडे पाहून म्हणाले, “शेटजी, मला दम लागला आहे. मला हात द्याल का?”

“मग परत फिरू या, वैद्यबुवा.”

“मला वर जायचं आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. पुढच्या वर्षी जमेलच असं नाही.”

शेटजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मग ते उठले, धोतर सावरले आणि हात पुढे केला.

वत्सला पुढे चालत होती. हात मोकळे होते आणि त्या हातांचे काय करावे, हे तिला कळत नव्हते. मागे वळावेसे वाटे. आज्ञा आठवून ती वळत नसे. कानांवर मात्र सगळे येत होते. “इथे पाय द्या, वैद्यबुवा. तो दगड हलतोय.” “ती झोळी इकडे द्या माझ्याकडे.” चार वेळा ते थांबले, आणि चारही वेळा थांबा म्हणाले ते वैद्यबुवा.

माथ्यावर वारा भणाणत होता. खाली तळे तळहाताएवढे दिसत होते. दुसऱ्या अंगाला रान संपून शेते लागत होती आणि त्यांच्यातून एक पांढरी वाट गेली होती.

“ही आमच्या गावची वाट,” शेटजी म्हणाले. पुष्कळ वेळ ते त्या वाटेकडे पाहत राहिले. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, “धडधडतेच आहे. धडधडू दे.”

दुपार कलण्यापूर्वी तिघे मागच्या दाराशी पोहोचले. दुसऱ्या दिवशी डोली रिकामी पुढे गेली आणि शेटजी तिच्यामागून चालत गेले.

त्यांना निरोप देऊन झाल्यावर वत्सलेने विचारले, “गुरुजी, काल तुम्ही थकल्याचं सोंग केलंत का?”

“नाही. गेली चार वर्षं मला तळ्यापाशी दम लागतो. इतके दिवस तो लपवत होतो. वाटे, वैद्य थकलेला दिसला तर रोग्याचा धीर सुटेल. काल पाहिलं, तर धीर तुझ्या आधारानेच सुटत होता. शेटजींचा ज्वर केव्हाच गेला होता. पण घरात, डोलीत आणि तुझ्या हातात ते दुसऱ्याने जपायची वस्तू होऊन बसले होते. तू दर वीस पावलांवर त्यांना आठवण देत होतीस की तुम्ही आजारी आहात. बऱ्या झालेल्या माणसाला औषध नको असतं, बाळ. त्याला काम हवं असतं. माझ्यापाशी त्या वेळी देण्यासारखा थकवाच होता, तो दिला.”

वत्सला म्हणाली, “मला तर दम लागत नाही. मी काय देणार?”

“माथ्याच्या अलीकडे कडा आहे. तिथून जाताना तू दरीकडे पाहत नाहीस. सहा वर्षांत एकदाही पाहिलेलं नाहीस.”

तिचा चेहरा उतरला. हे कुणाला ठाऊक नसेल, असे ती समजत होती.

पंधरा दिवसांनी तिने बाळंतरोगातून उठलेल्या मैनाबाई कुंभारणीला फेरीला नेले. या खेपेला वैद्यबुवा आले नाहीत. वत्सलेने वाटेत तिचा दंड धरला नाही. तळ्यापाशी मैनाबाई बसली आणि म्हणाली, “बास झालं बाई. पुढं न्हाई जायाचं.”

वत्सला तिच्या शेजारी बसली. जे सांगायचे होते ते ओठांवर यायला तिला वेळ लागला. “मैनाबाई, वर एक कडा आहे. तिथे मला फार भीती वाटते. तुम्ही माझ्या दरीकडच्या बाजूने चालाल का?”

“तुमास्नी? भीती?”

“हो. मला.”

मैनाबाईने तिला निरखले. मग पदर कमरेला खोचून ती उठली. “उठा मग. हात घट धरा माजा. आन् खाली बघू नगा.”

दुपारी वैद्यबुवा मागच्या दारात हिरडे निवडत बसले होते. दोघी उतारावरून आल्या, तेव्हा कुणी कुणाचा हात धरला होता, ते त्यांनी पाहिले. ते पुन्हा हिरडे निवडू लागले आणि म्हणाले, “वत्सले, उद्या पहाटे आपल्या गावी निघ. तिथे लोक वाट पाहत असतील.”

ज्याला उभे करायचे, त्याच्याकडे आपलाही थोडा भार सोपवावा लागतो.