जपून ठेवलेली बाटली

कपाटातल्या वस्तूंना विचाराल तर ही फार जुनी गोष्ट आहे. यमुनाताईंना लेकीने चेहऱ्याला लावायच्या तेलाच्या दोन बाटल्या पाठवल्या. एकीत होतं टिकाऊ स्क्वालेन. दुसरीत स्क्वालीन, हवा लागली की बिघडणारं. "स्क्वालीनची बाटली उघडलीस की लगेच वापर," लेकीने फोनवर बजावलं होतं.

यमुनाताईंनी स्क्वालीनचे दोन थेंब गालाला चोळले. गाल लोण्यासारखा लागला. "इतकं चांगलं रोज कशाला? पोर येईल तेव्हा लावू," त्या म्हणाल्या. स्क्वालेन आरशापाशी राहिलं आणि स्क्वालीनची बाटली जरीच्या साडीच्या घडीत गेली.

अंधारात तिला सोबत एका डांबरगोळीची. गोळी महिन्यागणिक झिजत होती.

"अगं, तू संपत चाललीस!" बाटली म्हणाली. "मला बघ, गळ्यापर्यंत भरलेली आहे."

"मी साडीच्या उपयोगी पडतेय," गोळी म्हणाली. "तू कुणाच्या?"

कपाटाचं दार करकरलं की बाटलीला वाटायचं, आता माझ्याकडे हात येईल. यमुनाताई टॉवेल काढायच्या आणि दार लावून घ्यायच्या. एके दिवशी गोळीही उरली नाही. मग बोलायलाही कुणी नव्हतं.

लेक आली ती तीन वर्षांनी. यमुनाताईंनी कौतुकाने बूच काढलं आणि नाक मुरडलं. तेल खवट झालं होतं.

"जपून ठेवलं होतं गं," त्या पुटपुटल्या.

लेकीने साडी उलगडून गालाशी धरली. "आई, हिला कुठे एक भोकही नाही, अजून डांबरगोळीचा वास येतोय!"

केराच्या डब्यात, गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीने ते ऐकलं.