मेंदूमागचं पाणी

चूक सोनवलकर सरांची. आधीच सांगून टाकतो, कारण त्या वयाच्या माणसांची चूक कुणी बोलून दाखवत नाही.

"मग पाणी दिसलं तरी लिहायचं नाही का, सर?"

विचारणारा उद्धव भोईटे. विद्यापीठात पहिला आलेला, सरांकडे स्कॅन वाचायला शिकत होता. पडद्यावर अकरा वर्षांच्या तेजलचा मेंदू. महिनाभर डोकं दुखत होतं तिचं. उद्धवनं रिपोर्टात ऑपरेशन लिहून टाकलं होतं; बाप बाहेर बाकावर, ऑपरेशनला कुठं न्यायचं ते विचारायला बसलेला.

"कुठंय पाणी?"

"लहान मेंदूच्या मागं. केवढी जागा आहे बघा ना."

"पाणी सगळ्यांच्याच डोक्यात असतं. काही दाबलंय?"

"नाही."

"सरकलंय?"

"नाही... पण जागा मोठी आहे, सर."

"नाक तुझंही मोठं आहे. कापायचं?"

उद्धव हसला नाही.

"पाणी नुसतं बघितलंस. जोखलं नाहीस," सर म्हणाले. "पोरीचे डोळे तपासलेत?"

"डोळे? सर, आपण मेंदू बघतोय."

सर उठले. कपाट उघडलं. मोठी माणसं प्रमाणपत्रं भिंतीवर टांगतात आणि चुका कपाटात ठेवतात. तीस वर्षांत त्यांनी हे एकाही विद्यार्थ्याला दाखवलं नव्हतं.

जुनी फिल्म. खिडकीच्या उजेडात धरली. कोपऱ्यावर अंगठा.

"वाच."

उद्धवनं या वेळी वेळ घेतला.

"मागं पाणी आहे. तिच्यासारखंच... दाबलेलं काही नाही. सरकलेलं नाही." तो थांबला. "हा आजार नाही, सर. ही ठेवणच आहे."

"रिपोर्टात गाठ लिहिली होती. पाण्याची गाठ, ऑपरेशन करा."

"कुठल्या गाढवानं?"

सरांनी अंगठा काढला.

चिन्मय सोनवलकर. वय ९.

"रिपोर्ट मीच लिहिला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

...

उद्धवनं तेजलचा रिपोर्ट पुढं ओढला. 'ऑपरेशनचा सल्ला' खोडलं. पेन हातातच राहिलं.

"त्याचं डोकं कशानं दुखत होतं, सर?"

"फळ्यावरचं दिसत नव्हतं. नुसता चष्मा हवा होता. ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी गेला."