अंड्यावरची सावली

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्याला घेऊन भर समुद्रातल्या एका निर्जन बेटावर गेले. ज्वालामुखीतून वर आलेले ते बेट. सगळीकडे काळा कातळ, मधोमध विझलेल्या मुखाचा डोंगर आणि पाहावे तिकडे समुद्रपक्षी. शिष्याचे अध्ययन संपले होते. दुसऱ्या दिवसापासून आश्रमातली लहान मुले त्याच्या हाती सोपवावीत, असे घाटत होते. आचार्यांचा अखेरचा होकार तेवढा राहिला होता.

नावाडी सायंकाळी न्यायला येणार होता आणि शिष्याला तेवढ्यात सारे बेट पाहायचे होते. उतरताच त्याने हर्षभराने टाळ्या पिटल्या. हजारो पक्षी एकदम उडाले, आभाळ झाकून गेले. "पाहिलेत, गुरुजी!" म्हणत स्वारी डोंगराकडे निघालीसुद्धा.

तो कडेकपारी हिंडला, शिखरावरून त्या विझलेल्या मुखात डोकावला आणि उन्हे कलल्यावर धन्य होऊन परतला. पाहतो तो काय, आचार्य किनाऱ्याजवळच उन्हात उभे! चेहरा रापलेला, पाय थरथरत होते. शिष्याला रागच आला.

"गुरुजी, इतक्या दूर येऊन आपण काहीच पाहिले नाही? निदान सावलीत तरी बसायचे!"

"सावलीची गरज मला नव्हती," आचार्य शांतपणे म्हणाले. "खाली बघ."

त्यांच्या सावलीच्या टोकाशी, उघड्या कातळावर, एक ठिपक्याठिपक्यांचे अंडे होते. पलीकडच्या खडकावर अंडी पळवणारा एक धिप्पाड पक्षी टपून बसला होता. वर एक मादी घिरट्या घालत होती.

"तुझ्या टाळ्यांनी उडालेले बाकीचे परतले, हिची भीती अजून गेलेली नाही. हे पक्षी घरटे बांधत नाहीत आणि हा कातळ तव्यासारखा तापतो. मी बाजूला झालो असतो, तर आतला जीव गेला असता."

शिष्याचा चेहरा उतरला. "पण आपण इथे असताना ती खाली येईल कशी?"

"सूर्य माथ्यावर होता तेव्हा मला अंड्यावर ओणवे व्हावे लागले. मग ऊन कलले, सावली लांबली, तसतसा मी मागे सरत गेलो. मुलेही अशीच सांभाळायची असतात, बाळ. सावली त्यांच्यावर असावी आणि आपण मात्र मागे मागे व्हावे. आता माझे पाय थकले. तू उभा राहा."

शिष्य त्यांच्या जागी उभा राहिला. सूर्य उतरत गेला, तसा तोही एकेक पाऊल मागे जात राहिला. शेवटी त्याच्या टाचांना लाटांचे पाणी लागले. मादीच्या घिरट्या खाली आल्या. ती कातळावर टेकली, जराशी थबकली आणि अंडे पोटाखाली घेऊन बसली. शिष्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात नाव आली. नावाडी हाक मारण्यासाठी तोंड उघडणार, तोच शिष्याने ओठांवर बोट ठेवले आणि वल्ही थांबवण्याची खूण केली.

आचार्य ते पाहत होते. नावेत बसल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "उद्या लवकर ऊठ. मुले पहाटेच येतात."