टी म्हणजे मिनिटं

"पण सर, नावं छोटी ठेवली तर बिघडलं काय?" मकरंदनं विचारलं.

इनामदार सर ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मकरंद धुमाळ म्हणजे काही ऐरागैरा गडी नव्हे. जिल्ह्यातल्या बावीस रुग्णालयांचे संगणक रक्तपेढीच्या संगणकाकडे रक्त मागतात, ती सगळी व्यवस्था त्यानं एकट्यानं उभी केली होती. आता ती राज्यभर जायची होती. पण ज्यांनी त्याला प्रोग्रामची पहिली ओळ लिहायला शिकवलं, त्यांची शाबासकी अजून बाकी होती. तेवढ्यासाठी तो साताऱ्याला आला होता. तोंडानं म्हणत नव्हता, इतकंच.

"तीनच गोष्टी पाठवायच्या, सर. जी, एन आणि टी. जी म्हणजे रक्तगट, एन म्हणजे पिशव्या, टी म्हणजे मागणी किती वेळ उघडी ठेवायची ते."

"हे कुठं लिहून ठेवलंयस?"

"लिहायचं कशाला? अडलं की मला फोन करतात. दिवसाला तीस-तीस फोन. माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही."

हे सांगताना स्वारी नुसती फुलून आली होती.

"फोन दे बघू," सर म्हणाले.

मकरंदनं कौतुकानं दिला. सरांनी तो टरफलांच्या सुपात ठेवला, वर आपला हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं शेंगा चालू केल्या.

जरा वेळानं फोन वाजला.

"घेऊ का?"

सरांनी पुढची शेंग फोडली.

वाजून वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजला. मकरंदनं वाकून सरांच्या बोटांमधून नाव वाचलं.

"सर, कुंदाताई आहेत. त्यांचं रुग्णालय आजच जोडलंय. पेशंट खोळंबला असेल तिथं. त्यांनी टीमध्ये चार टाकलं असणार, चार तास समजून. टी मिनिटांत आहे. चार मिनिटांत मागणी आपोआप रद्द होते."

"तुला इथं बसून कसं कळलं?"

"पहिल्यांदा सगळेच चार टाकतात, सर."

बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

फोन तिसऱ्यांदा वाजला. सरांनी हात काढला.

"ताई, टी मिनिटांत आहे. दोनशे चाळीस टाका, पुन्हा पाठवा." तो फोन कानाला लावून उभाच राहिला. पलीकडून पिशव्या निघाल्याचं कळलं, तेव्हा कुठे फोन परत सुपात ठेवून खाली टेकला. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

मग त्यानं लॅपटॉप उघडला. जुन्या रुग्णालयांसाठी टी चालू ठेवला आणि शेजारी नवं, पूर्ण नाव दिलं: मागणी उघडी ठेवण्याची मिनिटं. जी आणि एनलाही तशीच नावं दिली. खाली प्रत्येकाचा अर्थ लिहिला, एक नमुना दिला, आणि चार टाकलं तर काय होतं तेही लिहिलं. ऊन ओसरीवरून उतरलं तरी तो लिहीत होता. शेवटी त्यानं पडदा सरांकडे वळवला. मान पुन्हा ताठ झाली होती.

सरांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"मग, सर... शाबासकी?"

सरांनी सुपातला फोन उचलला, टरफलं झटकली आणि त्याच्या हातात ठेवला.

"हा गप्प झाला, की ये."