कमान आणि हौद

फार मागं, जनावरांची स्वतःची गावं होती तेव्हा, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. तिथला आठवडी बाजार मोडत चालला होता. धान्य आणणारे बैल परस्पर पुढच्या गावाला जायचे. बाजार मोडला, की ओझी वाहून पोट भरणाऱ्या गाढवांना गाव सोडावं लागणार होतं.

सरपंच तुरेराव कोंबड्यानं बैलांसाठी स्वागताची कमान उभारायला घेतली.

"बैलांना शोभा नको, पाणी हवंय," भागा गाढवीण भर सभेत म्हणाली. "वाटेत थेंब नाही. आधी हौद बांधा."

"शेवटी गाढवाचीच अक्कल!" तुरेराव म्हणाला. सभा खो-खो हसली.

भागा वाद घालत बसली नाही. तिनं वाटेवरचा एक जुना पडका हौद लिंपला आणि झऱ्यावरून घागरी वाहायला लागली. चौथ्या दिवशी बाकीची गाढवंही मुकाट तिच्या मागं निघाली.

बाजाराच्या दिवशी बैल कमानीखालून तसेच पुढं गेले. हौद दिसताच थांबले, पोटभर प्याले आणि तिथंच पोती उतरवली. बाजार हौदापाशीच भरला.

ऊन तापल्यावर तुरेराव कमानीवरून उतरून हौदावर आला.

"प्या सरपंच, पोटभर प्या," भागा म्हणाली. "आणि उद्या जरा लवकर आरवा. आम्हाला पाण्याला निघायचंय."